आधी तिची फाइल लाव

अगं, तू इथे जर्मनीत एका निर्वासित बाईची मेंटर व्हायला होकार दिलास हे ऐकून मनापासून बरं वाटलं आणि पाठोपाठ थोडी काळजीही वाटली. तुझ्या जर्मनची काळजी मला नाही, ते बोलता बोलता सुधारेल. तू मदतीला धावणारी मुलगी आहेस, काळजी त्याची आहे. या कामात घाई झाली की आपण समोरच्या बाईला मिळेल ती नोकरी चिकटवून देतो. ‘निदान चार पैसे तरी सुटतील’ असं म्हणतो, तीही मान डोलावते, सगळ्यांना हायसं वाटतं. आणि पाच-सात वर्षांनी ती त्याच हॉटेलात चादरी बदलत असते. म्हणून तुमची पहिली भेट व्हायच्या आत तुझ्याशी बोलून घेते. ताई म्हणून सांगते, ऐक आणि पटेल तेवढं घे.

तुझी जोडीदारीण सीरियातल्या अलेप्पोची, तिकडे तिचं औषधांचं दुकान होतं, मधली काही वर्षं तुर्कस्तानात गेली, आता जर्मनची बी-वन झालीय, दोन लहान मुलं आहेत, नवरा गोदामात पॅकिंगला जातो. एवढं तू फोनवर सांगितलंस. तू पुण्याची बी. फार्म., म्हणून संस्थेनं तुमची जोडी लावली असणार, आणि ते योग्यच झालं. तुम्हा दोघींचं दुखणं वरवर सारखं दिसेल. तुझ्या पदवीलाही इथे अजून कुणी विचारत नाही, तिच्याही नाही. पण एक फरक कायम ध्यानात ठेव. तुला ट्रान्सक्रिप्ट हवं असेल तर तुझे बाबा विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन उभे राहतील आणि कुरियरनं पाठवतील. तिच्या मागे असं कुणी उरलेलं नाही. ओळखीपाळखीची माणसं परागंदा झाली, घर पडलं. ज्या सरकारच्या भीतीनं जीव घेऊन पळून आलो त्याच सरकारच्या वकिलातीत जाऊन पदवीवर शिक्का मागायचा, हे वर्षानुवर्षं कुणाच्या धाडसात बसणारं नव्हतं. तुला परतीचा रस्ता मोकळा आहे, म्हणून तुला इथला कंटाळा परवडतो. तिला तो परवडत नाही.

‘आता तिकडे शांत झालंय, मग तुम्ही परत जाणार का?’ हे तिला विचारू नकोस. मराठी मंडळाच्या जेवणात हा प्रश्न हमखास निघतो, तुझ्याही तोंडावर येईल. ८ डिसेंबर २०२४ ला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद देश सोडून पळाला आणि दुसऱ्याच दिवशी इथल्या निर्वासित खात्यानं सीरियन लोकांच्या आश्रयाच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले. ते खातं तुझ्याच न्यूर्नबर्गमध्ये आहे, तेव्हा तू बातम्या पाहिल्या असशील. त्याच आठवड्यात इस्पितळांनी उलटी हाक दिली, आमचे सीरियन डॉक्टर गेले तर वॉर्ड कोण चालवणार? जर्मनीत तेव्हा परदेशी नागरिकत्वाचे जेवढे डॉक्टर होते त्यांत सीरियन सर्वांत जास्त, सुमारे ६,०००. एकीकडून जा म्हणणारे, दुसरीकडून राहा म्हणणारे, आणि मध्ये ही माणसं मुलांच्या शाळेचे डबे भरत उभी. तिला सांगावंसं वाटलं तर ती आपणहून सांगेल. वाटेतल्या समुद्राचं, बॉम्बचं, गेलेल्या माणसांचंही तसंच. तू ते उकरून काढायला गेलेली नाहीस.

तू विचार ते तिच्या कामाबद्दल. दुकान कुठल्या गल्लीत होतं, सकाळी किती वाजता उघडायचीस, डॉक्टरांचं अक्षर लागायचं का, कुठली मलमं स्वतः बनवायचीस, उधारीवर कोण कोण न्यायचं. सरकारी टेबलांवर तिला आजवर बहुतेक एवढंच विचारलं गेलंय, की आत्ता कुठलं काम करायची तयारी आहे. टेबलामागच्या बाईलाही मी दोष देत नाही, तिच्यापुढे रांग असते. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकला की बाई सवयीनं ‘सफाई, स्वयंपाकघर, मुलं सांभाळणं’ अशी उत्तरं द्यायला लागते आणि हळूहळू तेवढंच आपल्याला येतं असं तिला वाटायला लागतं. दुकानाचा विषय काढ, मग बघ ती खुर्चीत कशी ताठ बसते. जर्मन अडलं तर फोनवर अरबीत टाइप करू दे, वेळ लागू दे. ती जे सांगेल ते लिहून ठेव, पुढे अर्ज लिहिताना त्यातलं पुष्कळसं कामाला येतं.

आता माझं मुख्य म्हणणं. पैसे लागतात, नोकरी हवी, यात वाद नाही. पदवीला मान्यता मिळेपर्यंत घरी बसून राहा असं मी कुणालाच सांगणार नाही, त्यानं माणूस आतून खचतं. पण छोटं काम घ्यायचंच असेल तर ते आपल्या पेशाच्याच इमारतीत घ्यावं. फार्मसिस्ट असेल तर औषधांच्या दुकानात मागच्या बाजूला, माल उतरवून कप्पे लावायला का होईना. दंतवैद्य असेल तर दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून. नर्स असेल तर वॉर्डात, रुग्णांना आंघोळ घालायला, भरवायला. शिक्षिका असेल तर शाळेतच, जास्तीची मदत लागणाऱ्या एखाद्या मुलाशेजारी बसायला. पगार हॉटेलच्या सफाईएवढाच असेल, पण दिवसभर कानावर पडते ती आपल्या धंद्याची भाषा. औषधांची इथली नावं, डोस समजावून सांगायची इथली रीत, विमा कंपन्यांची भानगड, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आरोग्यविम्याच्या कार्डावरून दुकानाच्या संगणकावर कसं उघडायचं (जानेवारी २०२४ पासून इथे तीच पद्धत सक्तीची झाली), हे सगळं वर्गात बसून कुणी शिकवत नाही. आणि दुकानाची मालकीण तिला रोज बघत असते. कप्पे लावता लावता ही बाई चुकीच्या जागी ठेवलेली खोकी आपणहून बाजूला काढते, दोन औषधांची नावं सारखी दिसतात म्हणून वेगळी ठेवते, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. पुढे परवाना हातात आला की नोकरी शोधायला दारोदार हिंडावं लागत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे कामगारमंत्री हुबेर्टुस हाइल यांनी ‘जॉब-टर्बो’ नावाची मोहीम काढली होती. भाषेचा मूळ कोर्स झाला की निर्वासितांनी लवकर नोकरीला लागावं, उरलेली भाषा कामावर शिकावी, असा तिचा रोख. त्यातलं निम्मं मला पटतं. भाषा माणसांत मिसळूनच येते. पण ज्या कामात दिवसभर व्हॅक्यूम क्लीनरशिवाय कुणाचा आवाज कानावर पडत नाही, तिथे कुठली भाषा शिकणार? म्हणून काम कुठलं, हे बघायलाच हवं. कुणी घाई केली तरी या एका बाबतीत तू तिच्या बाजूनं ठाम उभी राहा.

आणि त्याच आठवड्यात, छोट्या कामाच्या शोधाबरोबरच, मान्यतेचा अर्ज. आनएर्केनुंग म्हणतात त्याला इथे, रोज कानावर पडेल तुझ्या. १ एप्रिल २०१२ पासून त्याचा कायदा आहे. तुमचं नागरिकत्व कुठलं, राहण्याचा परवाना कुठल्या प्रकारचा, याचा विचार न करता तुमचं शिक्षण इथल्या शिक्षणाशी ताडून बघावं, असं मागण्याचा हक्क त्यानं दिला. प्रोग्रॅमर, हिशेबनीस, मार्केटिंगवाले यांना परवान्याची गरज नसते, त्यांनी बॉनच्या कचेरीकडून पदवीचं मूल्यांकन मागवलं की बहुधा भागतं. डॉक्टर, फार्मसिस्ट, नर्स, शाळाशिक्षक यांना मात्र सरकारी परवान्याशिवाय ते काम करताच येत नाही. तुझ्या जोडीदारणीचं प्रकरण यातलं. राज्याची कचेरी तिचा अभ्यासक्रम इथल्या अभ्यासक्रमाशी विषयवार जुळवून बघेल. मोठी तफावत निघाली तर ज्ञानाची परीक्षा द्यावी लागेल. भाषेची परीक्षा वेगळी, ती पेशाच्या जर्मनची. मधल्या काळात मर्यादित मुदतीचा, देखरेखीखाली काम करायचा परवाना मिळू शकतो, जास्तीत जास्त दोन वर्षांचा.

इथे लोक अडकतात ते मुदतीपाशी. कायद्यात निर्णयाला काही महिन्यांची मुदत ठरवलेली आहे, पण ते महिने मोजायला सुरुवात होते सगळे कागद पूर्ण आल्यावर. आणि कागद पूर्ण कधी झाले हे कचेरी ठरवते. म्हणून सगळं जमल्यावर अर्ज करू असं म्हणत बसू नका. आहे तेवढ्यावर अर्ज टाका. काय काय कमी आहे ते कचेरी लेखी कळवते, आणि ते पत्र हातात आलं की कशामागे लागायचं हे स्पष्ट होतं. ‘आधी बी-टू होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या हुशार बायका मी पाहिल्यात. बी-टू होतं, तोवर मूल होतं, नवऱ्याची बदली होते, राज्य बदललं की कचेरी बदलते, आणि फाइल उघडलेलीच नसते.

भाषांतरं शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावी लागतात आणि ती महाग पडतात. सगळा गठ्ठा भाषांतराला देऊ नका, कुठले कागद लागतात ते कचेरीला आधी विचारा. खर्च पुष्कळदा जॉबसेंटर उचलतं, पण भाषांतर करायच्या आधी तशी लेखी विनंती करावी लागते. बिल घेऊन नंतर गेलात तर हात हलवत परत याल.

कागदच नसतील तर? तुझ्या बाईकडे काय आहे नि काय नाही ते अजून ठाऊक नाही, पण हे माहीत असू दे, कारण तिच्या ओळखीतल्या चार जणी तुला विचारायला येणार आहेत. शिंपी, सुतार, इलेक्ट्रिशियन, आचारी अशा हातच्या कामांसाठी कायद्यातच सोय आहे. दाखला दाखवता येत नसेल तर काम करून दाखवायचं. दमास्कसची एक शिवणकाम करणारी बाई माझ्या ओळखीची आहे. कारागिरांच्या मंडळानं नेमलेल्या तज्ज्ञापुढे तिला एका परक्या मशीनवर कोटाची बाही बसवायला दिली. टेप गळ्यातच राहिली, ती नुसत्या बोटांनी चुण्या वाटत गेली. तज्ज्ञ मध्येच थांबवून विचारायचा, हे असं का केलंत? जर्मन शब्द सापडेना तेव्हा तिनं बसवलेली बाही सरळ उसवली, उलटी करून त्याला खांद्यापाशी कापड कसं ओढलं जातं ते दाखवलं आणि पुन्हा टाचली. हे मला सांगताना तिनं माझ्याच कुडत्याची बाही धरून सगळं करून दाखवलं होतं. तिला लेखी निकाल मिळाला, काय येतं आणि काय भरून काढायचं याचा. आज ती आल्टरेशनच्या दुकानात पक्क्या करारावर आहे.

आता बायोडाटा. इथे त्यात महिन्यांसकट तारखा लागतात आणि मधली मोकळी जागा लोकांच्या डोळ्यांत भरते. निर्वासित बायका हमखास तुर्कस्तानातली, लेबनानमधली वर्षं गाळतात, कारण ती ‘खरी’ नोकरी नव्हती असं त्यांना वाटतं. अलेप्पोच्याच एका गणिताच्या शिक्षिकेसोबत मी बायोडाटा करायला बसले होते. २०१३ नंतर तिनं सरळ जर्मन कोर्सच लिहिला. मध्ये काय केलं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, तुर्कस्तानात गाझियानतेपला होतो. चहा झाला, मुलांचं बोलणं झालं, आणि मग सहज निघालं की तिथे सीरियन मुलांसाठी चालवलेल्या तात्पुरत्या शाळेत ती गणित शिकवत होती. एका वर्गात दोन-तीन इयत्तांची मुलं, पुस्तकं अपुरी, आणि युद्धातून आलेली, आवाजाला दचकणारी पोरं. याहून मोठा शिकवण्याचा अनुभव कुठला असतो, तूच सांग. ते सगळं आम्ही ओळीनं लिहिलं. प्रवासातले महिनेही लपवायची गरज नाही. ‘देश सोडून जर्मनीत आगमन’ असं साध्या शब्दांत लिहिलं तरी इथले मालक समजतात.

फोटोचा प्रश्न येईलच. तुझी जोडीदारीण डोकं झाकते का हे तू सांगितलं नाहीस, पण झाकत असेल तर ही माहिती तुला असायला हवी. ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठाच्या डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी जर्मनीतल्या कंपन्यांना तंतोतंत सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून बघितले. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जर्मन नावाच्या बाईला मुलाखतीची बोलावणी आली १८.८ टक्के, तुर्की नावाच्या बाईला १३.५, आणि त्याच तुर्की नावाच्या बाईनं फोटोत हिजाब घातला असेल तर फक्त ४.२. फोटोतली बाई तिन्ही वेळा एकच होती. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर इथे अर्जावर फोटो लावायलाच हवा असं नाही, तरी रीत पडलीय म्हणून पुष्कळ जण लावतात. तू तिला आकडे सांग, कायदाही सांग, पण फोटो लावायचा की नाही, कसा लावायचा, हे तिचं तिला ठरवू दे. ‘हिजाब काढला तर बरं’ हे वाक्य तुझ्या तोंडून चुकूनही जायला नको. नकार येतील ते तिच्या लायकीवरून आलेत असं तिला वाटू देऊ नकोस.

पेशाच्या भाषेची परीक्षा मला फार आवडते, खरंच. कारण ती प्रत्यक्ष कामासारखी असते. डॉक्टरांची तासाभराची, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. आधी रुग्णाशी बोलून आजार काढून घ्यायचा, मग त्यावर कागद लिहायचा, मग वरिष्ठ डॉक्टरला तीच केस सांगायची. काबूलच्या एका डॉक्टरबाईंचा सराव आम्ही माझ्या स्वयंपाकघरात घेतला. मी पोट धरून बसायची, माझी जर्मन शेजारीण वरिष्ठ व्हायची. डॉक्टरबाईंचं वैद्यक पक्कं, पण घाबरून त्या रुग्णालाही पुस्तकी लॅटिन शब्द सांगायच्या. शेजारीण म्हणायची, हे मला कळलं नाही, माझ्या आईशी बोलता तसं बोला. आणि एकदा मी पोटदुखीच्या नाटकात उगाच म्हटलं की मला फार भीती वाटतेय. त्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला, माझा हात धरला आणि अगदी सोप्या जर्मनमध्ये म्हणाल्या, मी इथेच आहे. एकही चूक नाही त्या वाक्यात. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बदललं. फार्मसिस्टांची परीक्षाही याच धर्तीची असते: ग्राहकाशी बोलणं, सहकाऱ्याशी बोलणं, लिहिणं. तेव्हा व्याकरणाची पुस्तकं आणून देऊ नकोस. तिच्या पुढ्यात खोकला घेऊन बस, लहान मुलाचा ताप घेऊन बस, आजीच्या सात गोळ्यांची पिशवी घेऊन बस.

नोकरीचा करार आला की सही करायच्या आधी दोघी मिळून वाचा. रोख पैसे, करार नाही, विमा नाही, असं काम कुणी देऊ केलं तर ते सोडायचं, कितीही गरज असली तरी. पैसे बुडवले तर दाद मागणं अवघड होतं आणि कागदपत्रांत गोंधळ झाला तर त्याचा त्रास तिलाच. मिनीजॉबचंही जपून. २०२५ साली त्यातल्या कमाईची मर्यादा महिना ५५६ युरो होती. सुरुवातीला सोयीचं वाटतं, पण त्यात बेकारीचा विमा नसतो, आणि कितीतरी बायका त्या मर्यादेतच वर्षानुवर्षं राहून जातात. घ्यायचाच तर पुन्हा तेच, औषधांच्या दुकानातला घे म्हणावं, आणि किती महिन्यांनी तास वाढवून मिळतील हे पहिल्याच दिवशी विचार म्हणावं. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, ते दरवेळी ताजं तपासा. कामावर काही अन्याय झालाच तर ‘फेअरे इंटेग्रात्सिओन’ नावाची मोफत सल्लाकेंद्रं आहेत, निर्वासितांना कामाचे हक्क समजावून सांगणारी. तो नंबर तिच्या फोनमध्ये पहिल्याच भेटीत भरून दे.

आणि बायकांचं म्हणशील तर हा मोठा विषय आहे, मला त्यावर थांबायलाच हवं. २०१५ साली आलेल्या निर्वासितांपैकी आठेक वर्षांनी साधारण दोन तृतीयांश माणसं कामाला लागलेली होती. ऐकायला छानच आहे, आणि एवढ्या थोड्या वर्षांत ते होणं सोपं नव्हतं. पण पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त, आणि बायकांपैकी जेमतेम एक तृतीयांश. या बायकांना काम करायचं नाही असं समजू नकोस. ज्या घरात आईवडील दोघंही भाषा शिकायला पात्र असतात तिथे कोर्सला आधी कोण जातं? नवरा. तो पोटापाण्याला लागेल म्हणून. कोर्स सातशे तासांचा, त्यातले सहाशे भाषेचे आणि शंभर इथल्या समाजाची, कायद्याची ओळख करून देणारे. तेवढे तास लेकराला कुठे ठेवायचं? एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क ऑगस्ट २०१३ पासून आहे खरा, पण हक्क असला म्हणून जागा मिळतेच असं नाही. संगोपन करणारी माणसंच कमी आहेत. जागा मिळाली तर ती दुपारी संपते, आणि औषधांच्या दुकानाची पाळी संध्याकाळी.

म्हणून पदवीच्या फाइलइतकंच लक्ष पाळणाघराच्या अर्जाकडे दे. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसू नका, चार ठिकाणी करा, लेखी करा, नकारही लेखी मागा. आणि तिच्या नवऱ्याविषयी तिला काही शिकवायला जाऊ नकोस. तोही तिकडे काहीतरी होता आणि इथे खोकी उचलतोय, त्याचं दुःख त्या घरात रात्री जेवायला बसतंच. जमलं तर एखाद्या भेटीत त्यालाही बसव. कोणत्या दिवशी मुलांना कोण आणणार हे दोघांनी मिळून कागदावर लिहिलं की पुष्कळ भांडणं टळतात. हे मी भारतातून आलेल्या घरांतही पाहिलंय.

मंडळात तुला कुणीतरी विचारेल, आपल्याच मुलींना इथे नोकऱ्या मिळत नाहीत, तू त्यांच्यासाठी कशाला खपतेस? चिडू नकोस. त्यांना मुंबईची आठवण दे. १९३०च्या दशकात नाझींमुळे जर्मनी-ऑस्ट्रियातून, मध्य युरोपातून पळालेली माणसं मुंबईच्या बंदरात उतरत होती. वॉल्टर कौफमन हा संगीतकार १९३४ साली आला आणि पुढे आकाशवाणीत लागला. सकाळी रेडिओ सुरू होताना वाजणारी ती ओळखीची धून त्याच्याच नावावर आहे. आपल्या आज्यांनी चुलीपाशी ऐकलेली धून, एका निर्वासिताची. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लांगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलाविभाग सांभाळू लागले आणि त्यांच्या घरी रझा, आरा यांच्यासारखी तरुण चित्रकार पोरं रंगांविषयी बोलायला जमू लागली. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधांच्या धंद्यात पडले आणि याच पोरांची चित्रं विकत घेऊ लागले. सगळ्यांच्या वाट्याला असं आलं नाही. युद्ध पेटल्यावर जर्मन म्हणून कित्येकांना स्थानबद्ध केलं, पुरंदरच्या किल्ल्यावरसुद्धा, आणि त्यांत नाझींपासूनच जीव वाचवून आलेले ज्यूही होते. पण ज्यांचं बस्तान बसलं त्यांच्याकडे नीट बघ. चित्रकाराला चित्रांचं काम मिळालं, संगीतकाराला संगीताचं. त्यांना गोदीत हमाली करायला लावली असती तर पोट भरलं असतं, पण मुंबईच्या हाती यातलं काही लागलं नसतं. तुझी अलेप्पोची बाई काउंटरमागे उभी राहिली तर न्यूर्नबर्गच्या कुठल्यातरी मोहल्ल्यात अरबी बोलणाऱ्या आजीला तिच्या गोळ्या पहिल्यांदा नीट समजतील.

स्वतःलाही सांभाळ बरं. कचेरीला फोन तू करू नकोस, ती करेल, तू शेजारी बस. पहिल्यांदा तिचा आवाज कापेल, तिसऱ्यांदा कापणार नाही. पैसे उसने देऊ नकोस, त्यानं नातं अवघडतं. रात्री उशिराचे मेसेज सकाळी बघ. आणि तिनं घरी बोलावलं तर जा, जेवण नाकारू नकोस. त्या घरात यजमानीण होण्याची संधी तिला फार दिवसांनी मिळालेली असते.

पहिल्या भेटीला कप्प्यांची एक जाड फाइल घेऊन जा. मूळ कागद तिच्याकडेच राहू देत, तू फोटोकॉपी घे आणि प्रत्येकावर पेन्सिलनं अरबी नाव तिच्याकडून लिहून घे, म्हणजे तुला कुठला कागद कुठला ते कळेल. त्याच बैठकीत मान्यतेच्या सल्लाकेंद्राची वेळ घ्या. तो सल्ला मोफत असतो. वेळ सकाळची मागा, मुलं शाळेत नि पाळणाघरात असतानाची. अर्ज गेला की पोच मागायची, ईमेल आलं तर छापून फाइलीत लावायचं. तेवढं झालं की मला कळव. भाषेच्या परीक्षेचा सराव मी घेईन, रविवारी दुपारी माझ्याकडे या दोघी, मुलांनाही आणा.